वस्तऱ्याची धार: लावायची कमी, राखायची जास्त

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

००:०० | बंदर के हाथ में उस्तरा

ही म्हण हिंदीतली आहे, पण नागपुरात वापरतो आपण सगळेच. मागच्या दिवाळीच्या सफाईत ते बंदर मी होतो.

झालं असं, की महालातल्या आमच्या जुन्या घरी माळ्यावरून दादाजींची पत्र्याची पेटी निघाली. आत चष्मा, दोन फाउंटन पेनं, आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला एक वस्तरा. मिटणारा, काळ्या मुठीचा, पात्याच्या बुडाशी पुसट अक्षरात "सोलिंगन" लिहिलेलं. सोलिंगन हे जर्मनीतलं गाव. चाकू, कात्र्या, वस्तरे यासाठी इतकं प्रसिद्ध, की १९३८ पासून तिथं त्या नावालाच कायद्याचं संरक्षण आहे.

मी ठरवलं, यानंच दाढी करायची. इंजिनिअर माणूस, व्हिडिओ बघू, जमेल. आजचा भाग त्या "जमेल"बद्दल आहे. घरात कमीत कमी सामान ठेवून वस्तरा धारदार कसा ठेवायचा, आणि त्याआधी मी काय माती खाल्ली, ते.

०१:३० | माझी चूक

किचनमध्ये सुऱ्या घासायचा कार्बोरंडमचा दगड होता. करडा, खरबरीत, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. सुरी घासतो तसा वस्तरा तिरपा धरला आणि दहा मिनिटं घासला. आवाज मस्त येत होता. वाटलं, वा! दुसऱ्या दिवशी गालावर ठेवला तर केस कापायच्या ऐवजी ओढायला लागला. डोळ्यात पाणी आलं, आणि हनुवटीखाली रक्तही.

मग गेलो गल्लीतल्या सलूनवाल्या काकांकडे. वय सत्तरीच्या पुढे. दुकान आता पुतण्या चालवतो, काका खुर्चीवर बसून पेपर वाचतात. वस्तरा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय करून राहिला होता यानं? खोबरं किसून राहिला होता का?"

"नाही काका, दगडावर घासला."

"कोणत्या?"

"किचनमधल्या."

"बाबू, हा विळा नव्हे. याला धार रोज लावायची नसते, राखायची असते."

त्यांच्या या एका वाक्याचा अर्थ कळायला मला चार महिने लागले. तुम्हाला पंधरा मिनिटांत सांगायचा प्रयत्न करतो.

०३:१० | वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीतच असतो

वस्तऱ्याचं पातं बाजूनं बघा. मागची बाजू जाड, म्हणजे पाठ. पुढची बाजू पातळ, म्हणजे धार. आणि मधला भाग दोन्हीकडून आत खोलगट. हे दिसायला छान म्हणून केलेलं नाही. वस्तरा सपाट दगडावर आडवा ठेवला, की फक्त दोनच जागा टेकतात: पाठ आणि धार. म्हणजे धारेचा कोन किती ठेवायचा हे तुमच्या मनगटावर सोडलेलंच नाही. बनवणाऱ्यानं ते पाठीच्या जाडीत फिक्स करून टाकलंय.

हिशेब सोपा आहे. माझ्या वस्तऱ्याची रुंदी साधारण १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी पाचच्या आसपास. अकरावीतली त्रिकोणमिती लावली तर कोन येतो १८ अंशांच्या जवळपास. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन साधारण ३० ते ४० अंश असतो. मी वस्तरा तिरपा धरून घासला, म्हणजे पाठ हवेत उचलली आणि बनवणाऱ्यानं दिलेला कोन मोडून टाकला.

म्हणून पहिला नियम, आणि हा लक्षात राहिला तरी पुरे: दगड असो, फिल्म असो की पट्टा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या हव्यात. पाठ कधीच उचलायची नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. कागदाची जाडी साधारण १०० मायक्रॉन. दाढीचा केसही त्याच घरातला. चांगल्या धारेचं टोक मात्र एका मायक्रॉनपेक्षा कमी. डोळ्याला ते दिसतच नाही. म्हणूनच ते बिघडायला दगडच लागतो असं नाही. नळाच्या तोटीला हलकंसं लागलं तरी पुरतं.

०५:०० | केसानं पोलाद कसं तुटतं?

आता माझा आवडता भाग. केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ असतो. मग ब्लेड बोथट होतंच कसं?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलुका रोशिओली नावाच्या संशोधकानं नेमकं हेच तपासलं. तो स्वतः दाढी करायचा आणि ते ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचा. चेम तासान यांच्या गटाचा हा अभ्यास ऑगस्ट २०२० मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आला. अपेक्षा अशी होती, की धार हळूहळू झिजून गोल होत असेल. दिसलं वेगळंच: धारेचे बारीक टवके उडत होते. केस ताठ उभा असताना नाही, तर तो वाकतो आणि पात्याला तिरपा लागतो तेव्हा. तेसुद्धा जिथं पोलादाची आतली रचना एकसारखी नाही तिथं.

तो प्रयोग फेकून द्यायच्या ब्लेडवर होता, आपल्या वस्तऱ्यावर नाही. पण आपल्या कामाचा धडा त्यात आहे. पाणी प्यायलेला केस कोरड्या केसापेक्षा खूप सहज कापला जातो. म्हणून आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं दाढी भिजू द्यायची आणि मगच साबण. आपल्याकडे "बिनपाण्यानं हजामत" असा वाक्प्रचार आहे ना? त्यात गिऱ्हाईकाचे हाल होतात तसे वस्तऱ्याचेही होतात.

म्हणजे बघा, धार राखायचं काम दाढीच्या आधीच सुरू होतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

०६:४० | सामान किती?

इंटरनेटवर गेलात तर डोकं फिरेल. जपानी दगड, बेल्जियमचे दगड, १,००० ग्रिट, ५,००० ग्रिट, १२,००० ग्रिट. लोक पगार घालून बसलेत त्यात. सगळं खोटं नाही, पण सुरुवातीला आपल्याला तीनच गोष्टी पुरतात.

एक: जुना चामड्याचा पट्टा. खरं चामडं हवं. बाजारातले बरेच पट्टे रेक्झिनचे असतात, ते चालत नाहीत. वर शिलाई, नक्षी काही नको. गुळगुळीत हवा.

दोन: जुन्या जीन्सची पट्टी.

तीन: जाड काचेचा किंवा ग्रॅनाइटचा सपाट तुकडा, आणि त्यावर ठेवायला १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म. ही फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या कागदावर अगदी एकसारखे बारीक कण बसवलेले असतात. तुमच्या घरी फायबरचं इंटरनेट असेल तर ऐका: त्या केबलच्या कनेक्टरचं टोक पॉलिश करायला अशीच फिल्म वापरतात. ऑनलाइन मिळते. काच फर्निचरवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांत मिळाली. माझा सगळा खर्च हजाराच्या आत बसला.

आणि पट्टा नसेल तर? पेपर! खरंच सांगून राहिलो. वर्तमानपत्राची घडी सपाट फळीवर ताणून धरा आणि तिच्यावर वस्तरा फिरवा. कागदात आणि शाईत अगदी बारीक कण असतात, ते धारेला हलकं पॉलिश देतात. पेपर लोकमत असो की हितवाद, वस्तऱ्याला भाषा कळत नाही.

०८:२० | पट्टा: रोजचं काम

प्रत्येक दाढीच्या आधी, न चुकता. पट्ट्याचं एक टोक दाराच्या कडीला अडकवा आणि दुसरं डाव्या हातानं ताणून धरा. झोळ पडला की धार गोल होते, म्हणून ताण हवाच.

आता वस्तरा पट्ट्यावर आडवा ठेवा. पाठ टेकली? धार टेकली? मग पाठ पुढे आणि धार मागे, असा ओढत न्या. उलटं केलंत, म्हणजे धार पुढे ठेवून ढकललंत, तर पट्टा कापला जाईल. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवरून पलटायचा, धारेवरून कधीच नाही. पाठ पट्ट्याला चिकटलेली राहते, धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते, मग परत. पातं पट्ट्यापेक्षा रुंद असेल तर थोडं तिरकं ओढत न्या, म्हणजे बुडापासून टोकापर्यंत सगळी धार पट्ट्याला लागते.

जोर किती? वस्तऱ्याचं स्वतःचं वजन, बस्स.

आधी जीन्सच्या पट्टीवर २० फेऱ्या, मग चामड्यावर ४० ते ५०. जाणं-येणं मिळून एक फेरी. कापडानं ओलावा आणि कचरा निघतो, चामड्यानं धार सरळ आणि गुळगुळीत होते. सिनेमात न्हावी फटाफट पट्टा मारतो तसं करू नका. मी पहिल्याच आठवड्यात पट्ट्याला तीन चिरा पाडल्या. वेग आपोआप येतो. काकांचे हात आजही इतके सावकाश चालतात, की बघणाऱ्याला वाटावं यांना काही कामच नाही.

जुने न्हावी तळहातावर वस्तरा फिरवायचे, ते तुम्ही ऐकलं असेल. काकाही करतात. तुम्ही करू नका. त्यांच्या तळव्याला ५० वर्षांची सवय आहे, आपल्याला मोबाइल धरायची.

१०:३० | फिल्म: दोन महिन्यांतून एकदा

पट्टा मारूनही वस्तरा ओढायला लागला, की फिल्म काढायची. मी आठवड्यातून दोनदा दाढी करतो, त्यामुळे मला साधारण दोन महिन्यांनी लागते. तुमच्या केसांवर अवलंबून आहे.

काचेवर पाण्याचे चार थेंब टाका, त्यावर फिल्म ठेवा, बुडबुडे काढा. ती चिकटून बसते. फिल्मवरही थोडं पाणी. आता दिशा उलटी: इथं धार पुढे जाते, जणू फिल्मचा पातळ पापुद्रा सोलताय. पाठ टेकलेलीच. हलक्या हातानं १५-२० फेऱ्या, मग धुवा, पुसा, आणि नेहमीसारखा पट्टा.

इथं एक ट्रिक सांगतो, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पटेल अशी. काम बरोबर चाललंय का हे कळत नसेल तर लॉग टाकतो ना आपण? इथला लॉग म्हणजे मार्कर पेन. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करनं रेघ ओढा आणि फिल्मवर एकच फेरी मारा. आता बघा, शाई कुठं पुसली. अगदी टोकापर्यंत पुसली, तर कोन बरोबर. टोकाशी शाई उरली, तर तुम्ही धारेपर्यंत पोचतच नाही आहात. मग हजार फेऱ्या मारा, काही होणार नाही.

धारेला डोळ्यांनी दिसतील असे टवके असतील, जसे माझ्या वस्तऱ्याला होते, तर या फिल्मचं ते काम नाही. त्याला १,००० ग्रिटच्या पाण्याच्या दगडापासून सुरुवात लागते, मग टप्प्याटप्प्यानं बारीक. पहिल्या वेळी हे जाणकाराकडूनच करून घ्या.

१२:०० | तपासायचं कसं

मोबाइलचा टॉर्च लावा. धार वर करून, लांबीच्या दिशेनं, डोळ्यासमोर धरा. चांगली धार उजेड परत पाठवत नाही, काळी दिसते. कुठं बारीक चमकणारा ठिपका दिसला तर तिथं धार बोथट आहे किंवा तुटली आहे. कॅमेऱ्याचा मॅक्रो मोड असेल तर फोटो काढून मोठा करून बघा.

दुसरी तपासणी: हाताच्या केसांवरून, कातडीला न लावता, पातं हवेतून न्या. केस तुटून पडले तर तयार. अंगठा धारेवरून फिरवून बघायची हुशारी नको.

आणि एक सगळ्यात महत्त्वाचं: वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका. पाय मागे घ्या आणि पडू द्या. पातं परत करता येतं. कापलंच थोडं तर सलूनमध्ये असते ती तुरटी ओली करून लावा.

१३:०० | आपला खरा शत्रू: कूलर

नागपूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे मला वाटलं गंजाची भीती जुलैपासून. चूक. मे महिन्यात वस्तरा खोलीतल्या कपाटावर ठेवला होता आणि त्याच खोलीत खस लावलेला कूलर दिवसरात्र चालू. आठ दिवसांत पात्यावर तपकिरी ठिपके. कूलर थंडावा देतो म्हणजे हवेत पाणीच सोडतो ना!

जुने वस्तरे कार्बन पोलादाचे असतात, स्टेनलेस नसतात. गंज सगळ्यात आधी सगळ्यात पातळ जागी खातो, म्हणजे धारेला. नुसता पडून राहिलेला वस्तरा बोथट होतो तो यामुळे.

उपाय तीन. दाढी झाली की कोमट पाण्यानं धुवून सुती कापडानं पुसा, पण पाठीकडून धारेकडे, धारेवरून आडवं नाही. मग कापडावर, नंतर चामड्यावर पाच-दहा फेऱ्या, म्हणजे उरलासुरला ओलावा जातो. आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट. खोबरेल नको, ते कालांतरानं चिकट होतं. बाथरूममध्ये तर ठेवूच नका. दादाजींनी वस्तरा धोतराच्या कोरड्या कापडात, पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर ठेवला होता. इतकी वर्षं तो टिकला आणि मी आठ दिवसांत डाग पाडले.

१४:२० | काकांची पथरी

माझा टवके उडालेला वस्तरा काकांनी दोन संध्याकाळी बसून नीट केला. दुकानाच्या खालच्या खणातून फडक्यात बांधलेला एक काळपट दगड काढला. त्याला ते पथरी म्हणतात. मधून जराही खोल झालेला नाही, कारण दर थोड्या दिवसांनी ते तो दुसऱ्या सपाट दगडावर घासून सारखा करायचे. दगड सपाट नसेल तर धार सरळ येणारच नाही. हे मला एकाही व्हिडिओनं इतकं नीट दाखवलं नव्हतं.

त्यांच्या दुकानात मात्र कितीतरी वर्षांपासून बदलायच्या ब्लेडचा वस्तरा आहे. प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं अर्धं ब्लेड. आणि ते योग्यच आहे. एचआयव्ही आणि हेपटायटीसचे विषाणू रक्तातून पसरतात, त्यामुळे एकच पातं अनेकांना वापरणं धोक्याचं. तुमचाही वस्तरा तुमच्यापुरताच. भावाला, मित्राला अजिबात नाही.

जिलेटला फेकून द्यायच्या ब्लेडचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. ब्लेड फेकायचंच असेल तर धार राखायची कला कोणाला हवी? मी काकांना म्हटलं, "काका, हे शिकवायला पाहिजे कोणाला तरी. तुमच्या मुलानं नाही शिकलं?"

ते म्हणाले, "बरं झालं नाही शिकला. तुझ्यासाठी हा शौक आहे बाबू."

मी गप्प बसलो. खरंच होतं ते. बारा बलुतेदारांत न्हावी होता, वर्षाच्या शेवटी मिळेल त्या धान्यावर गावाची सेवा करायची, आणि ते काम जन्मानंच ठरलेलं. सेना महाराजांसारखा संत या व्यवसायातून झाला, त्यांच्या अभंगात आरसा आणि चिमटा आले, तरी हे काम करणाऱ्याला समाजानं मान दिला नाही. पण याच हातांनी नकारही दिलाय. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं, की विधवांचं केशवपन करायचं नाही. वस्तरे खाली ठेवले. शाळेत लोखंड्यांबद्दल शिकलो तेव्हा ते कामगार पुढारी, इतकंच लक्षात राहिलं होतं. या गोष्टीतला वस्तरा आत्ता दिसला.

त्यामुळे "लोप पावणारी कला, वाचवा" असं काही मी म्हणणार नाही. काकांच्या मुलानं दुसरी नोकरी निवडली, तो त्याचा हक्क. पण धारेबद्दल जे मी इंटरनेटवर चार महिने शोधत होतो ते माझ्या गल्लीत, चालत दोन मिनिटांवर होतं. आणि मी कधी विचारलंच नव्हतं, कारण तिथं मी फक्त "काका, मिडियम ठेवा" इतकंच बोलायला जायचो.

१५:४० | जाता जाता

एका दमात पुन्हा सांगतो. दाढी भिजवा. पाठ उचलू नका. दर दाढीआधी पट्टा, पाठ पुढे. दोन महिन्यांनी फिल्म, धार पुढे. पुसा, कोरडा करा, कूलरपासून लांब ठेवा. दगड शक्यतो लागूच देऊ नका.

आणि पहिल्या दाढीला फक्त गालाचा सपाट भाग करा, हनुवटी नेहमीच्या रेझरनं. महिनाभरानं पुढे जा. घाई केली की काय होतं ते माझ्या हनुवटीवर आहे.

काकांनी परवा माझा वस्तरा बघितला. टॉर्चखाली नाही, खिडकीशी. उलटा केला, सुलटा केला, मनगटावरचे दोन केस काढले आणि मिटून परत दिला. "हं. दाढी होईल," म्हणाले, आणि पेपर उचलला.

आपलं काम झालं मंडळी. भेटू पुढच्या भागात.